वीस मिनिटं तडे, दहा मिनिटं लांब

ता. ३ फेब्रुवारी

चि. गुण्यास अ. उ. आ.

तुला दवाखान्यातून घरी आणल्याचं तुझ्या बायकोचं पत्र आज मिळालं. मांडीत सळई, फुटलेली गुडघ्याची वाटी तारेने बांधलेली, आणि सहा आठवडे पाय जमिनीला टेकायचा नाही. वीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्यास आणि पडलास कुठे, तर कठडा नसलेल्या जिन्यावरून. ज्यावरून तुझं नाव पडलं तो काटकोनी गुण्या खिशात घालून हिंडणारा, प्रत्येक कोपरा काटकोनात आहे की नाही ते बघणारा माणूस. त्याला कठडा नाही हे दिसलं नाही. बोलणार नव्हते, बोलले. आता संपलं.

मी दोन दिवस येऊन गेले तेव्हा तू औषधाच्या झोपेत होतास. तोंड उघडं होतं. लहानपणी असाच झोपायचास. पुन्हा इतक्यात रजा मिळेल असं दिसत नाही. फोन करू नकोस. भट्ट्यांच्या आवाजात सव्वीस वर्षं काढल्यावर माझ्या कानाला फोन म्हणजे डब्यात सापडलेली माशी. लिही. तुला आता वेळ आहे.

इकडची बातमी अशी. आमच्या काचेच्या कारखान्यात नवे साहेब आले आहेत आणि त्यांनी सोबत एक आनंदवाला आणला आहे. त्याचं खरं पद काय ते कळलं नाही. तरुण आहे, दात छान आहेत. त्याने आम्हा सगळ्यांना एकेक पिवळी वही दिली. रोज सुटायच्या आधी तिच्यात दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. माणूस ज्याच्याकडे बघत राहतो तसं त्याचं मन होतं, असं तो म्हणाला. यात मला खोट दिसली नाही. मग त्याच्या सांगण्यावरून साहेबांनी बाद बाटल्यांचं रजिस्टर बंद केलं. दोष लिहीत बसलं की मनात दोषच भरतात, असं कारण दिलं. यात मला दिसली.

माझं काम तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. आता पळून जाता येत नाही तर ऐक. औषधाच्या बाटल्या पट्ट्यावरून माझ्यासमोर येतात. त्यांच्या मागे पांढरा दिवा. आत बुडबुडा, मानेला तडा, तोंडाला खोक दिसली की बाटली उचलायची, लाल मेणाच्या पेन्सिलीने फुली मारायची आणि खालच्या पेटीत टाकायची. एकामागून एक दिसायला लागल्या तर बटण दाबून पट्टा थांबवायचा. वीस मिनिटं असं बघायचं. मग दुसरी बसते आणि आपण उठून दहा मिनिटं लांब बघायचं. डोळ्याचा नियम आहे तो. त्यासाठीच टेबलाजवळ एक खिडकी होती. तिच्यातून पाण्याची टाकी दिसायची आणि टाकीमागे टेकडी. परवा खिडकीवर मोठा बोर्ड लावला. बोर्डावर लिहिलं आहे, चांगलं बघा.

हसताना पाय हलवू नकोस.

पत्राची वाट बघते. अक्षर तपासणार नाही, इतकी माया अजून शिल्लक आहे.

तुझी
ताई


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं. कठड्याचं वाक्य तिने दोनदा वाचलं. ते तिला फार आवडलेलं दिसलं.

माझी खाट पुढच्या खोलीत आणली आहे. डोकं भिंतीला, पाय दाराकडे. उजवीकडे खिडकी, डावीकडे बायकोचं शिलाई मशीन. छकुली शाळेतून आली की माझ्या पायाशी बसून अभ्यास करते आणि मध्येच पायाला विचारते की दुखतंय का. पायाला विचारते, मला नाही.

डॉक्टर परवा येऊन गेले. चालशील, म्हणाले. मग दाराशी जाऊन, जाता जाता सांगावं तसं म्हणाले की गुडघ्यावर बसायचं काम मात्र विसरा. ताई, फरशी उभ्याने बसवता येत नाही.

तुला एक सांगतो, हसू नकोस. या खोलीची फरशी मीच बसवली, अकरा वर्षांपूर्वी. दारापासून सातवी फरशी एका कडेने वर आहे. नखाएवढीही नाही, नखाच्या काठाएवढी. उभ्याने कधी दिसली नव्हती. आता आडवा आहे तर सकाळी ऊन आत आलं की तिची सावली पडते. अकरा वर्षं मी छाती काढून सांगत आलो की माझं घर बघा. बायकोने तिच्यावर चटई टाकली. आता मला चटई दिसते आणि चटईखालची फरशी दिसते. दिवसभर मी तेवढंच बघतो आणि हिशोब करत राहतो की अशा किती घरांत, किती सातव्या.

म्हणून म्हणतो, तुमचा आनंदवाला खोटं बोलत नाही. बघण्यानेच माणूस कडू होतो. मी झालो, पंधरा दिवसांत. तू तर सव्वीस वर्षं तेच करते आहेस. लहानपणीही आई तांदूळ निवडायला बसली की तू ताटातले खडे शोधायचीस. आम्ही खेळायचो, तू खडे शोधायचीस. आता निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत तुझी. वही पिवळी असो की निळी, लिही तीन गोष्टी आणि दिव्यासमोरची खुर्ची सांभाळ. त्या खुर्चीखेरीज तुझं जगात काय आहे, आणि तुझ्याखेरीज त्या खुर्चीचं, हे मला ठाऊक आहे. साहेबाशी भांडू नकोस.

रागावलीस तरी पत्र लिही. रागावलेलं चालेल, कोरं नको.

तुझा
गुण्या


ता. २५ फेब्रुवारी

चि. गुण्यास अ. आ.

रागावले. आता कामाचं ऐक.

मी नवी होते तेव्हा मला शिकवायला एक म्हातारी चेकर होती. वीस मिनिटं झाली की ती खांद्याला हात लावून उठवायची. मला वाटायचं, ही कामचुकार आहे. एकदा ती आजारी पडली. मी उठलेच नाही. पन्नास मिनिटं सलग बघितलं, आपली हुशारी दाखवायला. पहिल्या अर्ध्या तासानंतर मला प्रत्येक बाटलीत तडा दिसायला लागला. चार पेट्या चांगल्या बाटल्या मी फुल्या मारून फोडायला पाठवल्या. आणि त्यानंतर डोळा इतका थकला की खरे तडे सोडून दिले. दोन्ही मीच केलं, एका बैठकीत. म्हातारी परतल्यावर रागावली नाही. म्हणाली, डोळ्याला फार वेळ एकच दाखवलं की तो आधी खोटं बोलतो आणि मग गप्प बसतो.

तू महिना होत आला उठलेला नाहीस, गुण्या. पायाचं नाही म्हणत.

चटई काढ. बायकोच्या स्वयंपाकघरात गजराचं घड्याळ आहे, ते मागून घे. वीस मिनिटं लाव आणि त्या फरशीकडे नीट बघ. चोरून नको. गुडघ्याचं, कामाचं, किती घरांत किती सातव्या, सगळं त्याच वीस मिनिटांत. रडायचं तर रड. गजर झाला की दहा मिनिटं खिडकीबाहेर लांब बघ. तुझं नसलेलं काहीतरी. मग हवं तर परत फरशी. चांगलं बघ असं मी म्हणत नाही. लांब बघ म्हणते. यात फरक आहे आणि तो त्या आनंदवाल्याला कळत नाही.

आता वहीचं. पहिला आठवडा मी लिहिलं की चहा गरम होता. तीन ओळींत तीनदा, कारण चहा तीनदा मिळतो. आनंदवाल्याने शाबासकी दिली. मग या सोमवारी नऊ नंबरच्या साच्यातून आलेल्या बाटल्यांच्या मानेत तडा दिसला. केसाएवढा, झाकण बसतं त्याच्या खाली. रिकामी बाटली टिकते; झाकण आवळलं की जाते. बटण दाबून पट्टा थांबवला. साहेब आले, बाटली उजेडात धरली. त्यांना दिसलं नाही. म्हणाले की ताई, तुम्ही फार वाईट बघता. पट्टा सुरू झाला. जाता जाता असंही म्हणाले की ज्यांना वाईटच दिसतं त्यांच्यासाठी पुठ्ठ्याच्या खोलीत खोकी दुमडायची जागा रिकामी आहे.

माझ्या हातात अठरा बाटल्या आणि लिहायला रजिस्टर नाही. तेव्हा संध्याकाळी पिवळी वही उघडली आणि लिहिलं: आजच्या चांगल्या गोष्टी. एक, नऊ नंबर साच्याच्या अठरा बाटल्या मानेच्या तड्यासह सापडल्या, कुणाच्याही घरी गेल्या नाहीत. दोन, अकरा नंबरच्या दोन, बुडबुडा. तीन, चहा गरम होता.

तेव्हापासून रोज लिहिते. तारीख, साचा, संख्या. चांगल्याच गोष्टी आहेत सगळ्या.

आणि तांदळाचं. खडे शोधायचे, बरोबर. खडा सापडला की टाळ्या वाजवायचे, हे तू विसरलास.

माया पातळ होऊ देऊ नकोस. इथे पाणी घालायला कुणी नाही.

ताई


ता. ८ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चहा गरम होता, इथे मी हसलो. पडल्यापासून पहिल्यांदा. मांडीतली सळई हसली नाही, पण मी हसलो. बायको मशीन थांबवून बघायला आली की काय झालं.

घड्याळ लावतो आहे. पहिले दोन दिवस वीस मिनिटं पुरली नाहीत. गजर झाला की बायको म्हणायची, उठा फरशीवरून, दुसरं गिऱ्हाईक आहे. चौथ्या दिवशी एक विचित्र झालं. बाराव्या मिनिटाला माझं सांगून संपलं. फरशी होती, मी होतो, आणि बोलायला काही उरलं नव्हतं. गजराची वाट बघत बसलो.

लांब म्हणशील तर समोर रस्ता आहे आणि पलीकडे एक सलून. अकरा वर्षं मी त्याच्याकडे केस कापून घेतो. त्याला कधी बघितलं नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की तो पंख्याखाली बाकावर बसत नाही. आपल्याच फिरत्या खुर्चीत बसतो आणि पायाने जमिनीला रेटा देऊन फिरतो. एक पूर्ण चक्कर. चेहरा अगदी गंभीर, जणू कुणी बघितलं तर दंड होईल. मग उठतो, खुर्ची फडक्याने पुसतो. दिवसातून सहा-सात वेळा. पन्नाशीचा माणूस आहे, ताई. छकुलीला दाखवलं तर ती म्हणाली की हे तिला पूर्वीपासून माहीत आहे.

पण तुझी काळजी वाटते. वहीत तू जे चालवलं आहेस ती मस्करी नाही, हे मला कळतं आणि साहेबालाही कळेल. तू एकटी राहतेस. खोलीत एक स्टोव्ह, एक खाट आणि भिंत. खुर्ची गेली तर दिवसभर पुठ्ठे दुमडशील आणि संध्याकाळी त्या भिंतीकडे बघशील. मी भिंतीकडे बघण्यातला आता जाणकार आहे. घर चालवायला आमच्याकडे मशीन तरी आहे. तुला काही झालं तर मी उठून येऊही शकत नाही.

ते जे लिहून मागतील ते दे. कागदच आहे.

डोक्यावर हात असू दे. तो लांबून ठेवला तरी पोचतो.

तुझा
गुण्या


ता. १९ मार्च

चि. गुण्यास अ. आ.

सलूनवाल्याचं वाचून बरं वाटलं. तो कुठल्या बाजूने फिरतो ते लिहिलं नाहीस.

शनिवारी जेवणाच्या हॉलमध्ये वह्यांचं वाचन झालं. प्रत्येकाने आपली सगळ्यात चांगली ओळ वाचायची. भट्टीवाल्याने वाचलं की त्याची मुलगी पास झाली. पॅकिंगमधलीने वाचलं की तिला बसमध्ये जागा मिळाली. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. मग माझं नाव आलं. मी एक ओळ वाचली नाही. तारखेपासून वाचत गेले. नऊ नंबर, मान, अठरा. नऊ नंबर, मान, एकतीस. नऊ नंबर, मान, चौपन्न. आधी सगळे हसले. चौपन्नला कुणी हसलं नाही. आनंदवाला दात दाखवत उभा होता, पण ते दात आता नुसते दिसत होते.

मंगळवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक छापील कागद. त्यात असं की माझ्या नकारात्मक दृष्टीमुळे इतरांचं मन बिघडलं, याची मला जाणीव झाली आहे. यापुढे परवानगीशिवाय मी पट्टा थांबवणार नाही आणि वहीत फक्त चांगलं लिहीन. खाली सहीची जागा. सही केली तर खुर्ची माझी. नाही केली तर एक तारखेपासून पुठ्ठ्याची खोली. एकतीसपर्यंत विचार करा, म्हणाले. आवाज गोड होता. माझ्या सुखासाठी चाललं आहे सगळं, असंही म्हणाले.

गुण्या, मी सुखी नाही हे यांना कुणी सांगितलं?

एका पाळीत माझ्यासमोरून वीस हजार बाटल्या जातात. त्यातल्या शंभर-दीडशे वाईट. राहिलेल्या सगळ्या चांगल्या, आणि प्रत्येक चांगली मी बघितलेली असते. दिव्यातून उजेड आरपार येतो आणि बाटली पाण्याच्या थेंबासारखी पुढे जाते. जो तडा शोधत नाही त्याला ही चांगली बाटली दिसत नाही. त्याला नुसत्या बाटल्या जाताना दिसतात. साहेबांना तडा दिसला नाही तेव्हा त्यांना चांगलीही दिसली नव्हती. माझा दिवस असा जातो. यापेक्षा जास्त आनंद मला झेपणार नाही, आणि हा त्यांनी दिलेला नाही. मग तो काढून घेण्याची सही मी का करू?

तू लिहितोस की कागदच आहे. सातवी फरशीही फरशीच आहे.

कागद माझ्या खोलीत स्टोव्हशेजारी ठेवला आहे. रोज वीस मिनिटं बघते.

ताई


ता. २६ मार्च

ती. ताईस सा. न.

थोडक्यात लिहितो. सही कर.

तुझं म्हणणं बरोबर आहे म्हणून लिहितो, सही कर. माझंही बरोबर होतं. ठेकेदाराला मी तीनदा सांगितलं होतं की जिन्याला कठडा लाव. कठडा नाही हे मला दिसत होतं, ताई. तू पहिल्या पत्रात लिहिलंस की दिसलं नाही. दिसत होतं. मी सांगून गप्प बसलो आणि त्याच जिन्याने चढलो. दिसण्याने कुणी वाचत नाही.

खुर्ची सोडू नकोस. तुझ्यापाशी एवढंच मागतो.

गुण्या


ता. २७ मार्च

ती. वन्संना सा. न. वि. वि.

ह्यांनी काल सही करा असं लिहिलं. ते पत्र मीच पेटीत टाकलं, म्हणून आज हे वेगळं लिहिते. ह्यांना सांगितलेलं नाही. छकुलीला माहीत आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत ह्यांनाही कळेल.

कठड्याचं ह्यांनी मला दोन महिने सांगितलं नव्हतं. तुम्हाला लिहिताना कळलं. पत्र लिहून झाल्यावर फार वेळ खिडकीकडे तोंड करून होते. मी गजर लावला नाही.

सही करा किंवा करू नका, हे सांगणारी मी कोण? मी कॉलर शिवते. दिवसाला चाळीस. एखादी तिरकी गेली आणि मी ती गठ्ठ्यात दडपली, तर पैसे तेवढेच मिळतात, पण बाकीच्या एकोणचाळीस चांगल्या होत्या हे मला आठवत नाही. एवढंच मला या विषयातलं कळतं.

आणखी एक. छकुलीला खोकला आहे. परवा औषधाची नवी बाटली आणली आणि उघडायच्या आधी मी ती खिडकीशी उजेडात धरली. मानेपाशी बघितलं. मग माझं मलाच हसू आलं की आपण वन्सं झालो. पण धरली. मला काय दिसणार? तरी वाटलं, आधी कुणीतरी बघून पाठवलेली असेल.

सलूनवाला उजवीकडून डावीकडे फिरतो. ह्यांना विचारलं तर सांगतील की डावीकडून उजवीकडे. ते आडवे बघतात.

तब्येत सांभाळा. स्टोव्हजवळ कागद ठेवू नका, पेट घेईल. घेतला तर घेऊ दे.

तुमची
भावजय


ता. २ एप्रिल

चि. गुण्यास आणि सौ. शिलाईवालीस अ. आ.

दोघांची पत्रं एकाच दिवशी आली. दोन्ही खाटेवर शेजारी ठेवून वाचली. गुण्या, कठडा नाही हे तुला दिसलं नाही असं मी लिहिलं, ते चुकलं. माझी फुली चुकीच्या बाटलीवर पडली. पण तुझं शेवटचं वाक्य मी घेत नाही. दिसण्याने तू पडला नाहीस. तीनदा सांगून चौथ्यांदा चढलास, त्याने पडलास. मी चढणार नाही.

एकतीसला साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिले. ते सहीसाठी पेन देत होते. मी खिशातून लाल मेणाची पेन्सिल काढली आणि कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली. खाली लिहिलं: वरील मजकूर तपासला. बाद. मग तारीख घातली, कारण तारखेशिवाय बाद करायचं नसतं.

साहेब बराच वेळ कागदाकडे बघत होते. यावेळी त्यांना दिसलं असावं.

आता पुठ्ठ्याच्या खोलीत आहे. दिव्यासमोर एक नवी मुलगी बसवली आहे. तिला कुणी उठवत नाही. मी खोकी दुमडते. फार बरं चाललं आहे असं लिहिणार नाही. पहिल्या दिवशी सुटल्यावर पाय आपोआप जुन्या टेबलाकडे गेले आणि मी तिथे उभी राहिले. मुलीने विचारलं, काही राहिलं का? नाही म्हणाले.

रागाला रोज वीस मिनिटं देते. पूर्ण देते, त्यात कपात नाही. मग दहा मिनिटं लांब. या खोलीला खिडकी आहे, तिच्यावर बोर्ड नाही. टाकी दिसते. टेकडी दिसत नाही, पण टाकीच्या मागे ती आहे हे मला माहीत आहे.

पिवळी वही परत मागितली होती. दिली नाही. ती माझ्या चांगल्या विचारांची आहे.

छकुलीचा खोकला कसा आहे ते कळवा. लोभ दोघांनी मिळून करावा, वाटून नको.

ताई


ता. २० एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

खोकला थांबला. तुझं पत्र बायकोने भिंतीला लावलं आहे. मला वाचून झाल्यावर तिने विचारलं, आता काय म्हणता? मला म्हणायचं होतं ते हे, की मी तुझ्यासाठी घाबरलो असं मला वाटत होतं, पण मी माझ्याच जिन्यावर उभा होतो.

आता माझं ऐक. वॉकर सुटला, काठी आली. काठी घेऊन पहिल्यांदा चाललो तो सरळ सातव्या फरशीपाशी गेलो आणि काठीचं टोक तिच्यावर आपटलं. फरशीखाली मसाला कमी असला तर ती पोकळ वाजते, रिकाम्या माठासारखी. ही भरीव वाजली. आठवी वाजवली, सहावी वाजवली. सगळी खोली वाजवली. कडेने वर आहे, पण अकरा वर्षांत हललेली नाही. राहू दे. सकाळी सावली पडते तेव्हा छकुली तिच्यावर पाय ठेवून उभी राहते.

गेल्या आठवड्यात दुसरा एक ठेकेदार आला होता, जुना ओळखीचा. सोळा घरांची इमारत, फरश्या बसवून झाल्या आहेत, मालकाला त्या कुणाकडून तरी तपासून हव्या आहेत. मी उभ्याने काठी आपटत जातो. पोकळ वाजली की खडूने फुली. काल तीन घरं केली. शेवटच्या घरात चौदा फुल्या झाल्या तेव्हा फरशीवाला चिडला. म्हणाला, तुम्हाला चांगल्या दिसत नाहीत का? मी म्हणालो, दोनशे शहाऐंशी चांगल्या आहेत, मोजून सांगतो. तुझं वाक्य चोरलं, ताई. बघ, बाद करायचं तर कर.

जिन्याला कठडा आहे का ते आधी विचारलं. आहे.

वीस मिनिटांनी बाहेर येऊन उभा राहतो. मजूर हसतात. हसू दे.

माझ्यावरचा राग संपला असेल तर एक ओळ लिही. संपला नसेल तर दोन.

तुझा
गुण्या


ता. ६ मे

चि. गुण्यास अ. उ. आ.

राग तू आठवण करून दिल्यावर आठवला. इतकंच.

सोमवारी औषधवाल्यांकडून ट्रक परत आला. झाकणं बसवताना त्यांच्याकडे बाटल्यांच्या माना तुटत होत्या. नशीब की तिथेच तुटल्या. त्यांची दोन माणसं आली आणि विचारू लागली की कुठला साचा, कुठल्या तारखा, किती. साहेबांनी रजिस्टर मागवलं. रजिस्टर कोरं होतं. आनंदवाल्याला बोलावलं, तर तो त्याच सकाळपासून रजेवर होता.

दुपारी साहेब स्वतः पुठ्ठ्याच्या खोलीत आले. माझी लांब बघायची दहा मिनिटं चालू होती. मी त्यांना सांगितलं की अजून चार राहिली आहेत. ते खोक्यांच्या ढिगाशेजारी उभे राहिले. मग त्यांनीही खिडकीबाहेर बघितलं, दुसरं करणार काय?

चार मिनिटं झाल्यावर त्यांनी वही मागितली. देते म्हणाले, पण आधी लेखी द्या: बाद बाटल्यांचं रजिस्टर सुरू, पट्ट्याचं बटण चेकरच्या हातात, आणि दिव्यासमोर कुणालाही वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवायचं नाही. पहिला कागद आणला. त्यात लिहिलं होतं की बटण शक्यतो चेकरच्या हातात. शक्यतो या शब्दावर मी फुली मारली. दुसरा आणला, त्यात तारीख नव्हती. तिसरा मी खिडकीशी उजेडात धरला, वरपासून खालपर्यंत बघितला, आणि पास केला. वही दिली. नऊ नंबरचा साचा त्याच संध्याकाळी उतरवला.

खुर्ची परत मिळाली. ती नवी मुलगी शेजारच्या टेबलावर आहे. तिला मी खांद्याला हात लावून उठवते. तिला वाटतं मी कामचुकार आहे.

एक गोष्ट मात्र झाली नाही. खिडकीवरचा बोर्ड. तो वरून आलेला आहे म्हणे, साहेबांनाही काढता येत नाही. चांगलं बघा, तिथेच आहे. मी काढायला लावणार आहे. तीन वर्षं आहेत माझ्याकडे. तोपर्यंत टेबलावरून लांब असं काही दिसत नाही. म्हणून गजर झाला की मी उठते, त्या बोर्डासमोर उभी राहते आणि दहा मिनिटं तुझा सलूनवाला बघते. उजवीकडून डावीकडे, एक पूर्ण चक्कर. मग तो खुर्ची पुसतो आणि मी बसते.

तो अजून फिरतो ना? विचारू नकोस त्याला. नुसतं बघ आणि लिही.

तुझी
ताई